स्तुती ओठावर येत नाही तेव्हा

‘मॅडम, उपासनेत सगळे उभे राहून गातात आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. माझा विश्वास मेला का?’

मी ख्रिस्ती मंडळीत समुपदेशन करते. हा प्रश्न वेगवेगळी माणसं जवळजवळ याच शब्दांत विचारतात. कोणाच्या घरात कर्करोग असतो, कोणाचा मुलगा दारूत बुडालेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते. दुःखं निराळी, पण त्यांवर चढलेली भीती एकच: मला स्तुती करता येत नाही, म्हणजे देव माझ्यावर नाराज असणार, किंवा मीच त्याला सोडलं असणार. दुःखानं माणूस वाकतो, पण या भीतीनं तो एकटा पडतो. म्हणून मी दुःखाच्या आधी या भीतीला हात घालते.

इथे सांगते ती हकिकत अनेक जणींच्या बोलण्यातून गुंफलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं ‘ताई’ म्हणू या. वय पन्नाशीचं, नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला प्रार्थनासभेत पुढे असणाऱ्या. नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं मधुमेहानं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेलं राहायचं, वर जाण्यायेण्याचा एसटीचा प्रवास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचा खर्च सुटला होता, पण नवऱ्याची कमाई थांबली होती आणि मुलीच्या लग्नाची बोलणी दोनदा मोडली होती.

पहिल्या भेटीत ताई हसतमुख होत्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘प्रभूची इच्छा’ येत होतं.

‘रोज प्रार्थना करता?’

‘हो तर. आधी आभार मानते, मग ह्यांच्यासाठी मागते, आमेन म्हणते.’

‘तुम्हाला राग आलाय हे त्याला सांगितलंत?’

‘देवाला? असं कसं सांगायचं, मॅडम?’

‘मग कोणाला सांगता?’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बहिणीला. रात्री फोनवर. म्हणते, बघ ना, देव आमच्याशीच असा का वागतोय.’

इथे मला धागा सापडला. ताई देवाबद्दल सगळ्यांशी बोलत होत्या, फक्त देवाशी बोलत नव्हत्या. त्याच्यासमोर त्या धुतलेले कपडे घालून जात होत्या आणि मळकं सगळं बहिणीकडे नेत होत्या. जिथे खरं बोलता येत नाही तिथे स्तुतीही फार काळ टिकत नाही. आधी ती सवयीनं म्हटली जाते, मग एके दिवशी घशात अडकते. ताईंच्या बाबतीत तो दिवस कापणीच्या सणाचा होता. मंडळी भाज्या-धान्य घेऊन वेदीकडे निघाली आणि ताई खाली बसून राहिल्या.

पुढच्या काही भेटी वरवर पाहता कोरड्या गेल्या. घरचं काम कोण करतं, झोप किती लागते, पैसे कुठून येतात, हेच बोलणं चाललं. हे बोलणं टाळून कोणी थेट वचनांकडे धावतं तेव्हा मी थांबवते. बायबलमधला संदेष्टा एलिया रानातल्या रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. प्रश्न विचारले गेले ते नंतर, होरेब डोंगरावर. हा क्रम मी माझ्या कामात कधी मोडत नाही.

ताईंची झोप थोडी सावरली. डायलिसिसच्या तीन वाऱ्यांपैकी एका वारी भाचा सोबत जाऊ लागला. त्यानंतर एके दुपारी मी म्हटलं, ‘संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणा.’

त्यांनी एका दमात सुरू केलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो. तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी आली आणि ‘तू माझ्याबरोबर आहेस’ पाशी मी हात वर केला.

‘आत्तापर्यंत कोणाबद्दल बोलत होता?’

‘देवाबद्दल.’

‘आणि आता?’

ताईंनी ओठांतल्या ओठांत पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. कुरण, पाणी, नीतिमार्ग, तिथपर्यंत ‘तो’. दरी आली आणि ‘तू’.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समजावून सांगण्याचा मोह फार होतो आणि तो आवरणं हेच समुपदेशकाचं खरं कसब. मग त्या स्वतःच म्हणाल्या, ‘मी उलटं केलं. बरं चाललं होतं तेव्हा त्याच्याशी बोलायचे. दरी आल्यावर त्याच्याबद्दल बोलायला लागले.’

हे वाक्य त्यांचं. मी शिकवलेलं नाही.

‘मग आता बोला,’ मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘तू बघतोस ना? सुई टोचताना त्यांचा चेहरा तू बघतोस. घोटभर जास्त पाणी मागतात आणि मला नाही म्हणावं लागतं, तेही बघतोस. पोरीचं दोनदा मोडलं. कुठे होतास तू? मला तुझा राग आलाय. फार राग आलाय.’ आणि मग त्या रडल्या. मंडळीत बायका रुमालानं टिपतात तसं नाही, पोटातून.

शांत झाल्यावर त्यांनी घाबरून विचारलं, ‘हे पाप झालं का?’

मी त्यांना तेरावं स्तोत्र वाचायला दिलं. अवघ्या सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत दाविदाचं ‘कोठवर?’ चार वेळा येतं: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? पुढच्या दोन ओव्यांत मागणी. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा आणि गाण्याचा निश्चय. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याची एकही खूण स्तोत्रात नाही. शत्रू तिथेच आहे, दुःख तिथेच आहे. तक्रार बोलून झाल्यावर गाण्याला जागा झाली, इतकंच. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश अशी विलापाची आहेत. वधस्तंभावर प्रभूनं उच्चारलेला ‘माझा त्याग का केलास’ हा प्रश्नही बाविसाव्या स्तोत्राचीच पहिली ओळ. आपण ही स्तोत्रं उपासनेत कमी वाचतो, म्हणून तक्रार म्हणजे अविश्वास असं वाटू लागतं. माझ्या मते ती विश्वासाची पक्की खूण आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्याशी कोणी भांडत नाही.

ताईंना एक शंका होती. ‘पण पंडिता रमाबाईंसारख्यांनी असं रडगाणं गायलं असतं का?’ मी म्हटलं, दुष्काळात आईवडील गमावलेल्या, मग भाऊ, मग नवरा आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गमावलेल्या बाईला रडणं माहीत नव्हतं असं समजू नका. त्याच रमाबाईंनी सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल भाषांतरित केलं आणि त्यात विलापाचं एकही स्तोत्र गाळलं नाही. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते बायबल छापून आलं.

आता ताईंना दिलेला रोजचा पाठ सांगते, कारण बहुतेकांना तोच हवा असतो.

वेळ पंधरा मिनिटं, शक्यतो सकाळी. रात्री अकरानंतर हे करू नका. थकलेलं मन तक्रारीतून बाहेर येत नाही, त्याच त्या विचारांभोवती फिरत राहतं आणि झोप जाते. आधी तेरावं स्तोत्र मोठ्यानं, सावकाश वाचा. मग वहीत स्वतःची तक्रार लिहा, तीन ते पाच वाक्यं, प्रत्येकात ‘तू’ आलाच पाहिजे. ‘फार कठीण चाललंय’ असं मोघम नको. ‘काल बिल भरायला अंगठी मोडावी लागली, तू काय करत होतास?’ असं नेमकं हवं. त्यानंतर एकच मागणी, फक्त आजच्या दिवसापुरती. शेवटी एक आठवण: पूर्वी कधी त्यानं हात दिला होता, कुठे, कोणत्या साली. आमेन म्हणून वही मिटा. लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत बसू नका.

यात चुका ठरलेल्या होतात. सर्वांत मोठी म्हणजे तक्रारीवरून उडी मारून थेट भरवशावर येणं. जुन्या विश्वासू घरांतली माणसं हमखास हे करतात, दोन ओळी लिहून ‘तरी प्रभू चांगला आहे’ असं घाईनं लिहून टाकतात. ते वाक्य खरं आहे, पण त्या क्षणी ते झाकण असतं. मी त्यांना आणखी दोन तक्रारी लिहायला लावते. दुसरी चूक, आठवण सुचली नाही तर ओढूनताणून लिहिणं. नाही सुचली तर जागा कोरी ठेवा आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तिसरी चूक म्हणजे दहा-दहा उपकारांची यादी करणं. दुःखातल्या माणसाला ती हिशेबासारखी वाटते आणि सातव्या ओळीला तो खोटं लिहू लागतो.

त्यापेक्षा काही आठवड्यांनी संदेष्टा हबक्कूक याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घ्या. सतराव्या ओवीत तो एकेक रिकामी जागा मोजतो: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एवढं सगळं सांगून झाल्यावर अठराव्या ओवीत तो परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. गोठा रिकामा असताना तो भरलेला असल्याचं त्यानं सांगितलं नाही. ताईंनी स्वतःच्या सहा रिकाम्या जागा लिहिल्या. पहिली होती, ‘ह्यांची सायकल दारात उभी आहे, चालवायला कोणी नाही.’ तिच्याखाली ‘तरी’ लिहायला त्यांना तीन आठवडे लागले. मी एकदाही घाई केली नाही, आणि मला त्याचं समाधान आहे.

प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, मग आपण का गाऊ नये, असं मंडळीत ऐकवलं जातं. ते दोघं होते, हे त्यात राहून जातं. एकट्याच्या गळ्यातून सूर निघत नसेल तर शेजारच्यानं गायचं असतं. कफर्णहूमला चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून खाली सोडलं तेव्हा येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क शुभवर्तमानात लिहितो. त्या पडलेल्या माणसानं काही म्हटल्याची नोंदच नाही. म्हणून ताईंना मी सांगितलं, उपासनेला जा, उभ्या राहा, ओठ मिटलेले असू देत. आसपासची मंडळी गातेय, ते तुमच्याही वतीनं आहे.

मंडळीलाही काही सांगायचं आहे. ज्याची प्रार्थना ऐकली गेली फक्त त्यालाच साक्ष द्यायला उभं करू नका. ज्याची अजून ऐकली गेलेली नाही, त्यालाही बोलू द्या, आणि त्यानंतर लगेच कोणी उपदेश करू नका. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि चुकले. शेवटी देवानं त्यांना सुनावलं आणि भांडणाऱ्या ईयोबाचं बोलणं योग्य ठरवलं. घरी भेटायला जाताना वचनाआधी डबा न्या, दवाखान्याची एक वारी वाटून घ्या. ‘कोणतं पाप आडवं येतंय ते शोधा’ असं तर आजारी घरात कधीच म्हणू नका. जन्मांधाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला आणि प्रभूनं तो तिथेच खोडून काढला.

ताईंच्या नवऱ्याला एका प्रार्थनासभेत कोणीतरी सांगितलं होतं की खरा विश्वास असेल तर डायलिसिस सोडा. हे ऐकून मी त्या दिवशीचं बाकी सगळं बाजूला ठेवलं. डायलिसिस चुकलं तर अंगात पाणी साठून फुप्फुसांत उतरतं, दम लागतो, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते आणि माणूस अचानक जाऊ शकतो. हिज्कीया राजाला देवानं पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं तेव्हाही संदेष्टा यशयानं गळवावर अंजिरांची चांदकी, म्हणजे लेप, बांधायला लावली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, तीही जरूर करा. यंत्राची वेळ मात्र चुकवू नका.

आज ताईंचे यजमान डायलिसिसवरच आहेत. मुलीचं अजून ठरलेलं नाही. ताई उपासनेत कधी गातात, कधी नाही, आणि नाही गायल्या तरी घाबरत नाहीत. महिला प्रार्थनासभेत त्यांनी आपणहून तेरावं स्तोत्र वाचलं, तेव्हा दोन बायका सभेनंतर त्यांच्यापाशी थांबल्या.

वहीचा हा पाठ प्रत्येकाला पुरत नाही. दोन आठवडे रोज झोप आणि भूक गेलेली असेल, अंघोळ-स्वयंपाकसुद्धा जमेनासा झाला असेल, किंवा ‘प्रभू मला नेईल तर बरं’ हा विचार वारंवार येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध आहे. जीव देण्याचा विचार मनात आला असेल तर आठवड्याची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि 14416 या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. आधी पाळकांना सांगावं की डॉक्टरांना, यात वेळ घालवू नका. दोघांनाही त्याच दिवशी सांगा.