वाढत्या ओळींचा फॉर्म

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत पीकनोंदणीचे वेब ॲप्लिकेशन तयार करीत आहे. एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यांवर दोन-चार गट असतात, म्हणून ‘आणखी गट जोडा’ हे बटण दाबले की जावास्क्रिप्टने नवी ओळ उमटते. मात्र नव्या ओळीतील ‘काढा’ हे बटण चालत नाही आणि फॉर्म पाठवल्यावर फक्त शेवटच्या गटाची नोंद होते. काय करावे?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : या दोन अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत.

‘काढा’ बटणाची अडचण लवकर सुटेल. पान उघडताना जी बटणे पानावर असतात त्यांनाच आपल्या कोडमधील लिसनर, म्हणजे क्लिक होताच चालणारा कोडचा भाग, जोडला जातो. मागाहून आलेल्या बटणांना तो मिळत नाही, आणि ‘क्लोननोड’ने ओळीची नक्कल केली तरी ‘ॲडइव्हेंटलिसनर’ने जोडलेला लिसनर नकलेत उतरत नाही. म्हणून तो प्रत्येक बटणाला न जोडता सर्व ओळी ज्या तक्त्यात आहेत त्या तक्त्याला एकदाच जोडावा. बटणावरील क्लिक वर चढत तक्त्यापर्यंत पोचतोच. तेथे बटणाला सामावणारा जवळचा घटक शोधणाऱ्या ‘क्लोजेस्ट’च्या साह्याने ओळ शोधून ती काढून टाकावी. जुन्या लेखांत यासाठी जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे ‘लाइव्ह’ सुचवलेले आढळते, पण ते १.९ या आवृत्तीपासून काढून टाकलेले आहे.

नोंदी हरवण्याचे कारण मात्र रकान्यांच्या नावांत आहे. सर्व ओळींत ‘पीक’ हे एकच नाव असेल, तर पीएचपी त्यांपैकी शेवटची किंमत (म्हणजे रकान्यात भरलेली माहिती) तेवढी ठेवते. नावापुढे रिकामा चौकटी कंस ‘[]’ लावावा, म्हणजे सर्व किंमती यादीच्या रूपाने मिळतात, असा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. आपल्या फॉर्मसाठी तो मला धोक्याचा वाटतो. समजा, प्रत्येक ओळीत ‘ओलीत’ असा चेकबॉक्स आहे. पहिला गट कोरडवाहू कपाशीचा आहे आणि दुसरा विहिरीवरच्या ओलिताचा. खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. त्यामुळे ‘ओलीत’च्या यादीत एकच किंमत येते, ती शून्य क्रमांकावर, म्हणजे पहिल्या गटाच्या जागी, बसते आणि कोरडवाहू गट ओलिताचा म्हणून नोंदला जातो. त्रुटीचा कोणताही संदेश दिसत नाही, म्हणूनच ही चूक अधिक घातक आहे.

यासाठी प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक द्यावा : ‘गट[०][पीक]’, ‘गट[०][ओलीत]’, पुढील ओळीत ‘गट[१][पीक]’ असे. हा क्रमांक ओळी मोजून मात्र काढू नये. ०, १, २ अशा तीन ओळींतील मधली काढली की दोन उरतात; मोजणीनुसार नव्या ओळीला पुन्हा २ मिळतो आणि आधीच्या २ क्रमांकाच्या ओळीतील माहिती पुसली जाते. फक्त वाढत जाणारा वेगळा गणक ठेवावा. मधले क्रमांक गळाले तरी यादीतील नोंदी एकेक करून वाचणाऱ्या पीएचपीच्या ‘फॉरईच’ला त्याची अडचण होत नाही. नक्कल करताना रकान्याचा ‘आयडी’ आणि लेबल कोणत्या रकान्याचे ते सांगणारा ‘फॉर’ हेही याच गणकाने बदलावेत, नाहीतर नव्या ओळीच्या लेबलवर क्लिक केले असता पहिल्याच ओळीतील रकाना निवडला जातो.

संपूर्ण गावाची नोंद एकाच फॉर्ममध्ये करण्याचा विचार असेल, तर पीएचपी एका वेळी किती रकाने स्वीकारते याची ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा मुळात १,००० असते हे ध्यानात ठेवावे. ओळीत सहा रकाने असतील तर १६६ ओळींनंतरची माहिती कापली जाते.

शेवटी, सर्व्हरवर तपासणी करताना एका गटाचे क्षेत्र चुकीचे आढळले म्हणून सर्व ओळी रिकाम्या करून फॉर्म परत पाठवू नये. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला सगळे गट पुन्हा सांगायला लावणे योग्य नाही. आलेल्या माहितीवरून प्रत्येक ओळ तिच्या मूळ क्रमांकासह पुन्हा उभी करावी, चुकीच्या रकान्याशेजारीच कारण लिहावे आणि गणक सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढून सुरू करावा.