लिमिट १० लावूनही कोटा संपला

प्रश्न : मी एमसीएला आहे. प्रोजेक्टसाठी बिगक्वेरीच्या (मोठ्या डेटावर क्वेरी म्हणजे प्रश्न चालवायची गुगलची सेवा) सँडबॉक्समध्ये, म्हणजे तिच्या मोफत खात्यात, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचं सार्वजनिक टेबल उघडलं. ‘सिलेक्ट स्टार’ आणि शेवटी ‘लिमिट १०’, एवढीच क्वेरी थोडी थोडी बदलत दुपारभर रन केली. संध्याकाळी महिन्याचा मोफत कोटा संपल्याचा मेसेज आला. दहा ओळींना एवढं कसं लागलं? शिवाय टॅगांची माझी यादी मुंबई विभागात (डेटा साठवायचं ठिकाण) ठेवली आहे. ती त्या टेबलाला जोडायला गेले की डेटासेट (टेबलांचा गट) सापडत नाही म्हणतं. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची काळजी मला कळते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ऑफिसच्या खात्यावर हेच केलं होतं, आणि साहेबांना सांगताना घसा कोरडा पडला होता.

बिगक्वेरी माहिती कॉलमवार साठवते. ज्या कॉलमचं नाव घ्याल तो अख्खा वाचला जातो आणि मोजणी त्या वाचनाची होते. लिमिटने फक्त समोर येणाऱ्या ओळी कमी होतात. ‘स्टार’ म्हणजे सगळे कॉलम, आणि त्या टेबलात ‘बॉडी’ नावाच्या कॉलममध्ये प्रत्येक प्रश्नाचा पूर्ण मजकूर आहे. सगळा भार तिथे आहे. महिन्याचा मोफत १ टेराबाइट असाच गेला.

आता एक करून पाहा. क्वेरीच्या चौकटीजवळ हिरवी बरोबरची खूण येते, तिच्या शेजारी किती डेटा वाचला जाईल तो आकडा असतो. स्टार खोडा, तिथे ‘टायटल’ आणि ‘टॅग्ज’ लिहा, आणि आकड्यावर नजर ठेवा. तो धाडकन खाली येतो. मी आजही रन दाबण्याआधी तो आकडा वहीत लिहून घेते.

नुसतं टेबल कसं दिसतं ते बघायचं असेल तर क्वेरीच नको, ‘प्रिव्ह्यू’ टॅब उघडा. तो फुकट आहे. आणि क्वेरी सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम बाइट्स बिल्ड’ला (जास्तीत जास्त किती डेटाचं बिल लागू द्यायचं) मर्यादा घाला. अंदाज त्यापुढे गेला तर क्वेरी चालतच नाही, पैसेही लागत नाहीत. सँडबॉक्सला कार्ड जोडलेलं नाही, म्हणून तुम्हाला बिल येणार नाही. ती काळजी सोडा.

मुंबईचं म्हणाल तर ते सार्वजनिक टेबल अमेरिकेच्या विभागात आहे, आणि दोन विभागांतली टेबलं अशी सरळ जोडता येत नाहीत. एकदा केलेल्या डेटासेटचा विभाग बदलत नाही. ‘यूएस’ निवडून नवा डेटासेट करा आणि यादीची सीएसव्ही पुन्हा चढवा. सँडबॉक्समधलं टेबल ६० दिवसांनी आपोआप जातं, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा.

कोटा पुढच्या महिन्यात परत मिळेल. तोवर क्वेरी लिहून ठेवा, रन नका करू. आकडा तेवढ्यानेही दिसतो.