वाचकांचे प्रश्न : आर्क्टिकच्या पाण्यात, शिडाच्या बोटीवरून

गेल्या अंकात स्वालबार्ड या नॉर्वेच्या ताब्यातील द्वीपसमूहाविषयी लिहिताना, शिडाच्या लहान बोटींवरून चालणाऱ्या सहभागी सागरसंशोधन मोहिमांचा उल्लेख आला होता. अशा मोहिमेत शास्त्रज्ञ आणि सराईत खलाशी यांच्याबरोबर सामान्य माणसेही खर्चाचा वाटा उचलून सामील होतात, बोट चालवण्यास हातभार लावतात आणि समुद्राची मोजमापे घेतात. त्यावर पुणे परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बावन्न वर्षांची असून बँकेत नोकरी करते. विज्ञानाशी शाळेनंतर संबंध आला नाही आणि बोट चालवण्याचा अनुभव तर मुळीच नाही. माझ्यासारखीचा अशा मोहिमेला खरोखर काही उपयोग होतो का, की पर्यटनालाच संशोधनाचे नाव दिले जाते? — एक वाचक, कोथरूड

आपली शंका रास्त आहे. काही सफरींमध्ये संशोधन हे माहितीपत्रकापुरतेच असते, हे मान्य केले पाहिजे. तरीही लहान बोटीने घेतलेल्या मोजमापांची गरज खरी आहे, आणि ती का आहे हे कळले की खरी मोहीम ओळखणेही सोपे जाते.

स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याने अटलांटिक महासागरातील उबदार आणि खारट पाण्याचा एक प्रवाह उत्तरेकडे जातो. ७८ अंश उत्तर अक्षांशावरील लाँगइयरब्येन या गावापर्यंत उन्हाळ्यात लहान बोटीही पोहोचू शकतात, त्याचे मोठे कारण हा प्रवाह आहे. तो कोणत्या वर्षी कोणत्या फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात, किती आतवर घुसला यावर तिथला हिवाळी बर्फ, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), मासे आणि त्यांवर जगणारे पक्षी हे सर्व अवलंबून असते. उपग्रहाला मात्र समुद्राचा केवळ पृष्ठभाग दिसतो, आणि पाण्याचा रंग तर आकाश निरभ्र असेल तेव्हाच टिपता येतो. आर्गो या जागतिक समुद्रमापन योजनेतील सुमारे ४००० स्वयंचलित तरंगती उपकरणे साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलीपर्यंत बुडी मारून वर येतात, पण ती खुल्या, खोल समुद्रासाठी आहेत. हिमनदीच्या तोंडाशी असलेल्या उथळ पाण्यात त्यांचा उपयोग नाही. शिवाय हिमनद्या मागे सरकल्यामुळे जिथे काल बर्फ होता तिथे आज पाणी आहे, आणि सागरी नकाशात त्या जागा अजून कोऱ्या आहेत. अशा ठिकाणी लहान बोट हळूहळू पुढे जाते, तेव्हा तिच्या खोलीमापकाने टिपलेला प्रत्येक आकडा नवा असतो. शिडाच्या बोटीचा आणखी एक मोठा गुण म्हणजे इंजिन बंद ठेवता येते, त्यामुळे पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकावर देवमाशांचे आणि सीलचे आवाज स्वच्छ ऐकू येतात.

आता आपल्या उपयोगाविषयी. क्षारता, तापमान आणि खोली एकाच वेळी मोजणारे उपकरण दोरीने सावकाश खाली सोडणे आणि वर घेणे, बारीक जाळीतून प्लवकांचे नमुने गाळणे, कुबड्या देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे छायाचित्र घेणे (त्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक प्राण्यात वेगळी असल्याने तो वर्षानुवर्षे ओळखता येतो), ही कामे दोन दिवसांत शिकता येतात. अवघड असते ती नोंद. प्रत्येक नमुन्याबरोबर अक्षांश, रेखांश, जागतिक प्रमाणवेळ, वारा आणि समुद्राची अवस्था लिहावी लागते. रात्री दोनच्या पाळीत, गारठलेल्या बोटांनी आणि हलत्या टेबलावर लिहितानाही एक अंक चुकून चालत नाही, कारण रेखांशात चूक झाली की तो नमुना नकाशावर भलतीकडे जाऊन पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दिवसअखेर रोख जुळल्याशिवाय जागेवरून न उठण्याची सवय आपल्याला असेल, तर बोटीवरील निम्म्याहून अधिक जणांपेक्षा आपण उपयोगी ठराल, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगणे योग्य होईल. अशाच एका मोहिमेत आम्ही पृष्ठभागावरील सूक्ष्म प्लास्टिक गोळा करत होतो. सुमारे ०.३ मिलिमीटर छिद्रांची जाळी बोटीच्या बाजूने संथपणे ओढायची आणि तिच्यात साठलेले पदार्थ बाटलीत घ्यायचे, असे काम होते. दरवेळी शेजारी स्वच्छ पाण्याची एक उघडी बाटलीही ठेवली जाई. तिच्यात समुद्राचा थेंबही पडू द्यायचा नाही, हवेतून काय पडते एवढेच पाहायचे. तीन दिवसांनी त्या बाटलीत लाल तंतू आढळले आणि ते माझ्या लाल फ्लीसच्या जॅकेटचे निघाले. तीन दिवसांच्या नमुन्यांतील तंतूंची मोजणी रद्द करावी लागली. ती कोरी बाटली ठेवली नसती, तर माझे जॅकेट आर्क्टिकचे प्रदूषण म्हणून नोंदले गेले असते. म्हणूनच एखादी मोहीम खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी मी प्रथम तिच्या कोऱ्या नमुन्यांची चौकशी करतो. त्याबरोबर बोटीवर कोणता शास्त्रज्ञ असणार आहे, त्याच ठिकाणी दरवर्षी मोजमाप होते का, उपकरणांचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचे आकडे प्रमाणाशी ताडून पाहणे, शेवटचे कधी झाले आणि मागील वर्षांची आकडेवारी कोणत्या खुल्या संग्रहात पाहायला मिळेल, हेही लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले, तर ती सफर आहे असे समजावे. सफर म्हणून ती सुंदरच असेल, पण आपण ज्यासाठी जाऊ इच्छिता ते तिथे मिळणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या जुलैत अशा मोहिमेवर जाण्याचा विचार करत आहे. तिला पोहता येते. तेवढे पुरेसे आहे का? वडील म्हणून मी काय विचारावे? — एक वाचक, बिबवेवाडी

पोहता येणे चांगलेच, पण तिथे त्यावर भरवसा ठेवू नये. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंशाला गोठते आणि स्वालबार्डच्या फियोर्डमध्ये उन्हाळ्यातही ते शून्याच्या वर काही अंशच असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास ताब्यात ठेवण्यातच जातो, पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात आणि सुमारे तासाभरात गारठ्याने शुद्ध हरपते. म्हणून सगळी तयारी पाण्यात न पडण्याची असते. डेकवर येताना सुरक्षापट्टा बोटीला अडकवलेला असावा, जीवरक्षक जॅकेट अंगावर असावे, आणि लहान रबरी बोटीतून किनाऱ्यावर जाताना पाणी आत न शिरू देणारा पोशाख मिळावा. या तीन गोष्टी मोहिमेकडून दिल्या जातात का, हे आपण अवश्य विचारा.

किनाऱ्यावरचा धोका ध्रुवीय अस्वलाचा आहे. वस्तीबाहेर वाटाड्याकडे अस्वलाला पिटाळण्याची साधने आणि बंदूक असते, आणि गटापासून कोणीही वेगळे व्हायचे नसते. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या कायद्याने अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर राखणे बंधनकारक केले आहे. १ मार्च ते ३० जून या काळात ते ५०० मीटर आहे. हा नियम माणसाइतकाच अस्वलासाठी आहे, आणि छायाचित्राच्या मोहाने तो मोडणाऱ्या बोटीवर मुलीला पाठवू नये.

लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानाने मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो येथे न्यावे लागते. बोट त्या गावापासूनही दोन-तीन दिवसांच्या अंतरावर असू शकते. त्यामुळे दातांसकट पूर्ण वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी घरीच एकदा घेऊन पाहाव्यात, कारण त्यांतील काही गोळ्यांनी फार झोप येते आणि पेंगत सुकाणू धरता येत नाही.

प्रश्न : कागदपत्रांविषयी परस्परविरोधी माहिती मिळते. स्वालबार्डला व्हिसा लागतो की नाही? — एक वाचक, पिंपरी

दोन्ही माहिती आपापल्या जागी बरोबर आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारानुसार या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे, पण करारातील देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क आहेत. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने झालेल्या सह्यांमुळे भारतही सुरुवातीपासून त्यात आहे. स्वालबार्डसाठी म्हणून वेगळा व्हिसा नाही. मात्र विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरून जाते आणि तो भाग शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतो, तर स्वालबार्ड त्या क्षेत्राबाहेर आहे. म्हणजे जाताना आपण शेंगेनमध्ये शिरता, बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता. त्यासाठी किमान दोन वेळा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतल्यास परतताना अडचण होईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विम्यात शोध आणि बचावाचा खर्च स्वालबार्डसाठी स्पष्टपणे नमूद असल्याची खात्री करावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पाषाणला राहतो. आर्क्टिकचा बर्फ वितळतो म्हणून चिंता करायची आणि त्यासाठी तिथवर विमानाने जायचे, यात विसंगती नाही का? आणि पुण्यात बसलेल्या माणसाला त्या बर्फाशी काय देणेघेणे? — एक वाचक, पाषाण

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्याच भागातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसाचा अभ्यास होतो, आणि पावसाच्या अभ्यासकांना आता ध्रुवाकडेही पाहावे लागत आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मोसमाच्या अखेरीस मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असण्याची शक्यता मांडली आहे. तो संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही आणि तसा दावा कोणी करू नये, पण सप्टेंबरात काढणीला आलेले सोयाबीन शेतात भिजताना ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. उपग्रहांच्या नोंदीत आर्क्टिक समुद्रावरील बर्फाचा सर्वांत कमी विस्तार सप्टेंबर २०१२ मध्ये, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, इतका नोंदला गेला आहे.

पहिल्या प्रश्नातील विसंगती मला मान्य आहे. विमानप्रवासाचा धूर मोजमापांनी पुसला जात नाही. म्हणून केवळ पाहण्यासाठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाणाऱ्याने एकदाच जावे, पूर्ण तयारीने जावे, आठवडाभराच्या फेरीपेक्षा जास्त दिवसांची मोहीम निवडावी आणि घेतलेली प्रत्येक नोंद इतरांना वापरता येईल अशा अवस्थेत सुपूर्द करावी. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी न जाण्यात काहीच कमीपणा नाही. गेलेल्या बोटींनी आणलेली देवमाशांची छायाचित्रे ओळखून जुळवण्याचे काम घरबसल्याही करता येते, आणि त्याला हात कमी पडतात.

प्रश्न : मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एवढे पैसे माझ्याकडे नाहीत. तरी आर्क्टिकमध्ये काम करायचे आहे. आणि मी शाकाहारी आहे. — एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

आहाराची चिंता करू नका. आधी कळवले की सोय होते, आणि स्वयंपाक सर्वजण पाळीने करतात; मेतकूट आणि भाजणी बरोबर न्या, वादळी दिवशी बोटीवर मऊभातासारखे दुसरे काही पोटात टिकत नाही.

पैशांविषयी खरे तेच लिहितो. सहभागाचा वाटा काही हजार युरोंच्या घरात जातो, विमानभाडे वेगळे, आणि विद्यार्थ्यासाठी कर्ज काढून तो भरणे मला योग्य वाटत नाही. काही मोहिमा विद्यार्थ्यांना सवलत देतात, त्यासाठी विचारावे. पण आपल्यासाठी दुसरा मार्ग अधिक चांगला आहे. स्वालबार्डमधील नी-ऑलेसुंड या गावात भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून आहे, आणि त्या गावालगतच्या कोंग्सफियोर्डमध्ये २०१४ साली भारताने पाण्याखाली मोजमापांची साखळी बसवली. तिथे जाणारे बहुतेक जण एखाद्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या प्रकल्पातून, एमएस्सी किंवा पीएचडी करताना जातात. आपल्यापुढे ती वाट मोकळी आहे, आणि तिच्यासाठी आतापासून मोजमापाचा हात बसवता येईल.

त्याची सुरुवात एका पांढऱ्या तबकडीने करा. अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून, ती कुठे दिसेनाशी होते यावरून पाण्याची पारदर्शकता मोजली. आजही जगभर ती पद्धत वापरात आहे, कारण तबकडी जितकी लवकर दिसेनाशी होते तितके पाण्यात प्लवक किंवा गाळ जास्त. तीस सेंटिमीटर व्यासाचा पत्रा पांढरा रंगवून घ्या, मधोमध दोरी बांधा, खाली वजन लावा आणि दोरीवर दर अर्ध्या मीटरला न पुसणारी खूण करा. पावसाळा संपून समुद्र निवळला की हर्णैला किंवा मालवणला एखाद्या मच्छीमार दादांच्या होडीतून ती सोडून पाहा. दुपारच्या आसपासची वेळ घ्या, गॉगल काढून ठेवा, होडीच्या सावलीच्या बाजूने पाहा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसली ती खोली, या दोहोंची सरासरी लिहा. दोनदा घेतलेल्या मोजमापात फरक आला तर दोन्ही आकडे लिहा, सोयीचा तेवढा ठेवू नका. त्याच ठिकाणी दर महिन्याला, मे अखेरपर्यंत, हे काम झाले की ती वही पुढच्या अर्जासोबत जोडा.