गॅस बदलला, तेलाचं काय?

फ्रीज-एसीत थंडावा देणारा गॅस बदलला की कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेलही बदलायचं का? गेले तीन महिने हाच गोंधळ पत्रांतून येतोय, म्हणून आज फक्त तेल.

नव्या फ्रीजवर गॅसचं नाव 'आर-६००ए' लिहिलंय. वेगळं तेल लागेल?
सहसा नाही, मिनरल ऑइल (खनिज तेल) चालतं; तरी कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचून घ्या.

जुन्या आर-२२ एसीत मेकॅनिक आर-३२ भरतो म्हणतोय. 'पर्यावरणालाही बरं' म्हणे.
भरू देऊ नका. त्या कॉम्प्रेसरात मिनरल ऑइल आहे आणि आर-३२ त्यात मिसळत नाही. गॅसबरोबर गेलेलं तेल कॉइलमध्येच साचतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. शिवाय आर-३२चा दाब दीडपटीहून जास्त आणि तो पेट घेऊ शकतो. कुणी 'सगळ्या गॅसला चालणारं' तेल पुढे केलं, तर कॉम्प्रेसर कंपनीचं लेखी पत्र मागा. मग विषय आपोआप संपतो.

पीओई या कृत्रिम तेलाचा अर्धा डबा मेपासून पडून आहे. आता वापरू का? (मेकॅनिक, चिपळूण)
नको! चिपळूणचा जुलै आणि अर्धा डबा! गेल्या पावसाळ्यात एका वर्कशॉपात असाच डबा पाहिला, तोंडाला बोळा कोंबलेला. तेल काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, म्हणून मालक निर्धास्त. अहो, तेलाने हवेतून शोषलेलं पाणी दिसत नाही, तिथेच तर फसगत होते. बंद डब्यातल्या ताज्या तेलात पाणी साधारण ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत असतं. दमट हवेत ते बघता बघता कित्येक पट होतं. पीओई म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून केलेलं एस्टर. पाणी आणि उष्णता मिळाली की जोड सुटतो, आम्ल मोकळं होतं आणि वाइंडिंगचं, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीचं, इन्सुलेशन खातं. 'व्हॅक्यूम मारू की' हे उत्तर मला पाठ आहे. पंप पाइपातला ओलावा ओढतो; तेलाने धरलेलं पाणी सहज सुटत नाही. लहान डबे घ्या, पत्र्याचेच, कारण प्लास्टिकमधूनही दमटपणा आत शिरतो. फोडलेला डबा त्याच कामात संपवा. आधीच वापरलं असेल, तर तेलाची आम्लता तपासून घ्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी बोला. पुढच्या आठवड्यात नव्हे, आज.

हायब्रिड गाडीच्या एसीत पेट्रोल गाडीचं पीएजी (दुसरं एक कृत्रिम) तेल चालेल?
नाही. तिथे विजेची मोटर कॉम्प्रेसरच्या आत, तेलाच्या संपर्कात असते. पीएजीने इन्सुलेशन बिघडून झटक्याचा धोका होतो. थोडं जरी गेलं असेल तरी गाडी चालू न करता अधिकृत वर्कशॉपला कळवा.

अमोनियाच्या कोल्ड स्टोरेजला पीओई?
कधीच नाही, अमोनियाने त्याचा गाळ होतो.