चित्रांच्या काचेसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: होटगी रस्त्यावरील नव्या सदनिकेत वडिलांची दोन मूळ जलरंगचित्रे, आजीचे जुने छायाचित्र आणि आठ रंगीत छापील प्रती लावायच्या आहेत. प्रतींच्या फाइली संगणकात आहेत. फ्रेमवाल्याने अकराही चित्रांना म्युझियम काच सुचवून ४४,००० रुपये सांगितले. सात महिन्यांनी मुदत संपणारी ५०,००० रुपयांची ठेव मोडावी का? दरमहा ६,००० रुपये शिल्लक पडतात.

उत्तर: ठेव मोडू नये. मुदतीआधी पैसे काढल्यास ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली त्या काळाचा दर बँक लावते आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. हे नुकसान किरकोळ मानले, तरी केव्हाही पुन्हा छापून मिळणाऱ्या आठ प्रतींवर प्रत्येकी ४,००० रुपयांची काच चढवणे हिशेबात बसत नाही. त्यांना ७०० रुपयांची साधी काच पुरे.

जलरंगांचे तसे नाही. सिद्धेश्वर तलावाच्या चित्राची जुनी फ्रेम उघडली तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली झाकलेली आकाशाची पट्टी गर्द निळी आणि उरलेले आकाश राखाडी निघाले, असे आपण कळवले आहे; ती बोटभर पट्टी हाच आजवरच्या नुकसानीचा ताळेबंद समजावा. म्युझियम काच सुमारे ९९ टक्के अतिनील किरण अडवते आणि साध्या काचेवर जवळपास ८ टक्के असणारे परावर्तन एक टक्क्याच्या आसपास आणते. पहिल्या गुणाने चित्र जपले जाते, दुसऱ्याने केवळ पाहणाऱ्याची सोय होते. तितकेच किरण अडवणारी, पण चकाकी न घालवणारी काच आपल्या दरपत्रकात १,८०० रुपयांना आहे. ती तिन्ही मूळ वस्तूंना लावावी. एकूण खर्च ११,००० रुपये होईल आणि तो दोन महिन्यांच्या शिलकीतून भागेल.

रंग दृश्य प्रकाशानेही उडतात, त्यामुळे सोलापूरच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी सुचवत नाही. छायाचित्र काचेला टेकले तर दमट हवेत तिला चिकटते, म्हणून मध्ये माउंट हवाच, आणि तो आम्लरहित घेताना काटकसर करू नये. काचेऐवजी वापरतात ते अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, वजनाला निम्मे असले तरी त्यावर सहज चरे पडतात. आपल्या लहान चित्रांना त्याची गरज नाही.

किरण अडवणारी काच आणि साधी काच नुसत्या नजरेला जवळजवळ सारख्याच दिसतात. तेव्हा कोणत्या चित्राला कोणती काच बसवली, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.