व्हीलचेअरवर फिरायला निघताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते व्हीलचेअरवर आहेत. त्यांना गणपतीपुळ्याला जायचंय, दर्शन आणि मग समुद्राजवळ बसणं, एवढंच. हॉटेलवाले म्हणतात "बिनधास्त या, काही अडचण नाही". जावं का? आणि ट्रेननं नेता येईल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: न्या, नक्की न्या! पण "काही अडचण नाही" एवढ्यावर बुकिंग करू नका. हॉटेलवाला खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी दोन पायऱ्या म्हणजे अडचणच नाही, पोरं उचलतील की. पण अनोळखी पोरांनी खुर्चीसकट उचलणं किती धोक्याचं आणि किती ओशाळवाणं असतं ते उचलल्या जाणाऱ्यालाच कळतं, मी स्वतः चेअरवर असते म्हणून सांगते. तेव्हा सरळ इंचात विचारा. घरच्या चेअरची रुंदी चाकांच्या बाहेरच्या रिंगसकट मोजून घ्या, साधारण 24 ते 26 इंच भरते, आणि मग हॉटेलवाल्याला म्हणा बाथरूमच्या दाराला मोजायची टेप लावून फोटो पाठवा. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो, खोली ऐसपैस असते आणि बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटी. कमोडच्या बाजूला चेअर उभी राहील का, रिसेप्शनपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, हेही फोटोतच बघा.

ट्रेनचं म्हणाल तर मुंबई-मडगाव वंदे भारत ठाण्याला थांबते, गणपतीपुळ्याजवळच्या रत्नागिरीलाही थांबते, आणि तिच्या टोकाच्या डब्यांमध्ये व्हीलचेअरसाठी जागा आणि मोठं टॉयलेट असतं. बाकीच्या बऱ्याच मेल-एक्सप्रेसना टोकाला दिव्यांग डबा असतो, त्याचं दार रुंद असतं, पण तो कुठल्या टोकाला येणार ते आधी विचारून ठेवा नाहीतर ऐनवेळी अख्खा प्लॅटफॉर्म पळावं लागतं. स्टेशनवर मदतीसाठी 139 ला फोन करा आणि सवलतीसाठी रेल्वेचं दिव्यांग कार्ड आधीच काढून ठेवा, ते ऑनलाइन होतं.

आता समुद्र. कोरड्या वाळूत चेअरची पुढची छोटी चाकं रुततात, त्यामुळे चेअर उलटी फिरवायची, जरा मागे कलवायची आणि मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. पण त्याहून सोपं म्हणजे ओहोटी बघून जा, तेव्हाची ओली वाळू घट्ट असते. कोकणातले लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, म्हणजे पौर्णिमेला (तिथी पंधरा) भरती सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी, नेमकी सूर्यास्ताची वेळ! सोबत दोघं तरी ठेवा, चेअर पाण्याच्या अगदी कडेला लावू नका, लाटेनं चाकाखालची वाळू सरकते. आणि बाबांना मध्ये मध्ये उचलून किंवा कुशीवर कलवून बसवत राहा, प्रवासाच्या नादात बेडसोरचं (एकाच जागी बसून होणाऱ्या जखमांचं) भान राहत नाही.

प्रश्न: बॅटरीवाली व्हीलचेअर विमानात नेऊ देतात का, वेगळे पैसे पडतात का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: नेऊ देतात, पैसे पडत नाहीत. किमान 48 तास आधी एअरलाइनला कळवा, बॅटरी जेल आहे की लिथियम आणि लिथियम असेल तर किती वॉट-अवर ते कागदावर घेऊन जा. बुकिंग करताना "डब्ल्यूसीएचसी" हा कोड स्पष्ट सांगा, म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत नेऊन बसवावं लागेल. नुसतं व्हीलचेअर हवी म्हटलं तर "डब्ल्यूसीएचआर" टाकून मोकळे होतात आणि तो जिने चढू शकणाऱ्यांचा कोड आहे. उशी आणि जॉयस्टिक काढून हातात ठेवा.

प्रश्न: राग मानू नका पण एवढा खटाटोप कशाला? किल्ले, लेणी, देवळं जुनी आहेत, ती थोडीच बदलणार?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: राग नाही पण वाईट वाटलं. 2001 च्या जानेवारीत व्हीलचेअरवरचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनार आणि जंतरमंतरला लाकडी रॅम्प लागले, दिव्यांग हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला म्हणून. कुतुबमिनारचा एक दगड हलवावा लागला नाही. म्हणजे करता येतं, करायचं मनात आलं पाहिजे. शिवाय आता 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता याव्यात यासाठीचे, किमान नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. रायगडाची प्रत्येक पायरी सपाट करा असं कोणीच म्हणत नाहीये हो, पण तिकीट खिडकी, टॉयलेट, पार्किंगपासूनचा रस्ता, एवढं तरी?

प्रश्न: हरिहरेश्वरला आमचा होमस्टे आहे. एक खोली व्हीलचेअरसाठी करायची आहे, कुठून सुरुवात करू?
(एक वाचक, रायगड)

उत्तर: तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला! तळमजल्याची, पार्किंगच्या जवळची खोली घ्या. रॅम्पचा हिशोब एकास बारा, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांब, लोक जागा वाचवायला दोन फुटांत उतार करतात आणि मग त्यावरून चेअर मागे उलटते. दार उघडल्यावर मोकळी जागा 36 इंच मिळाली पाहिजे, बाथरूमचं दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं करा, आत उघडणाऱ्या दारानं चेअर वळवायची जागाच खाल्ली जाते, आणि वळायला पाच बाय पाच फूट लागतात. बाथरूमचा उंबरा काढून टाका, पाणी उतारानं जाऊ द्या. टाइल्स खरखरीत. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा हवा, टॉवेलचा नको, त्यावर अख्ख्या माणसाचा भार येतो. बेड चेअरच्या सीटएवढाच, अठरा-एकोणीस इंच, बॉक्सचे बेड इथे फार उंच पडतात. जेवणाच्या जागेपर्यंतची वाटही बघा, नाहीतर पाहुण्याला ताट खोलीत आणून द्याल आणि घरचे सगळे अंगणात जेवतील. खोली झाली की मापं आणि टेप लावलेले फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापू.