बालदमा असलेल्या मुलाला बालवाडीत घालावं का? शाळा पंप (इनहेलर) द्यायला तयार नाही, काय करू?

ताई, मुलगा सव्वातीन वर्षांचा, डॉक्टरांनी बालदमा सांगितलाय आणि शाळा म्हणते 'औषध आम्ही देणार नाही', असं तुम्ही लिहिलंय. त्याला नक्की पाठवा. फक्त पहिल्या दिवसाच्या आधी बाईंसोबत अर्धा तास बसा.

मी सोलापुरात पूर्व भागात एकोणीस वर्षं बालवाडी घेते. माझ्या वर्गातली बरीच मुलं मागाच्या नाहीतर विडीच्या घरातली. काही वर्षांपूर्वी वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने जूनमध्येच पंप आणून दिला होता आणि आम्ही तो ऑफिसच्या कपाटात नीट ठेवून दिला होता. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या जत्रेच्या दिवसांत, थंडी आणि धुळीत, ती सकाळपासून खोकत होती. मग गप्प झाली. शहाण्यासारखी बसलीय असं मला वाटलं. बोलायला तिच्याकडे श्वासच उरला नव्हता. पोट उडताना दिसलं तेव्हा पळाले, तर कपाटाची किल्ली घेऊन क्लार्क बँकेत गेलेले. ती वाचली, पण ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही.

शाळा नाही म्हणते ती बहुतेक भीतीपोटी. बाईंच्या हातात कुणी कधी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) दिलेलाच नसतो. तुम्ही द्या. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा, एकदाच दाबायचं आणि मुलाचे पाच-सहा श्वास मोजायचे. दुसरा दाब हवा असेल तर पुन्हा हलवून, पुन्हा तसंच. एकदम दोन दाबले तर औषध वाया जातं. आधी बाहुलीला द्यायला लावा, मुलाचीही भीती जाते.

डॉक्टरांकडून मराठीत एक कागद लिहून घ्या: धाप लागली तर कोणता पंप (बहुधा निळा, साल्ब्युटामॉलचा), किती दाब, किती वेळाने परत, फोन कुणाला. या वयात साधारण 2 दाब देतात, आराम नसेल तर 20 मिनिटांनी पुन्हा. पण तुमच्या कागदावरचा आकडा तोच खरा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, पाणी पिता येत नाही किंवा ओठ निळे पडतात, तर पालकांची वाट बघायची नाही. मुलाला बसतं ठेवायचं, पंप देत राहायचं आणि 108 लावायचा. रोजचा स्टिरॉइडचा पंप घरीच राहू द्या, धाप लागल्यावर त्याचा लगेच उपयोग होत नाही. तो दिल्यावर चूळ भरायला लावा आणि मूल बरं दिसतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. आमच्याकडची बहुतेक मुलं तिथेच पुन्हा आजारी पडतात.

'पंपाची सवय लागते' हे तुम्हाला दहा जण सांगतील. तसं नसतं, उलट पंपात औषध कमीच जातं. निळ्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या सिरपच्या 5 मिलीत 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट, आणि ते सगळ्या अंगात फिरतं. घरातलं कुणी मृगाला हैदराबादला नेऊन दम्यावर देतात तो औषध भरलेला मासा गिळवू म्हणालं तर भांडू नका, पण एवढ्याशा मुलाच्या घशात जिवंत मासा घालायला मी कधीच हो म्हणणार नाही.

शाळेत विचारा: प्रार्थनेला उदबत्ती लावतात का, मुलं आल्यावर कोरडा झाडू मारतात का, कूलरचं गवत बदललंय का. घरी माग असेल किंवा विड्या वळत असाल, तर धंदा सोडा असं कुणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण कामाचे कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच मुलाला जवळ घ्या, आणि तंबाखूचं सूप तो झोपतो त्या खोलीत नको.

आमच्या वर्गात आता पंप फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेल्या पिशवीत असतो, उन्हापासून लांब. मुलांचा हात पोचत नाही, माझा पोचतो. पिशवीवर मुलाचा फोटो आणि आत तो कागद. तुम्ही दाखवाल तेव्हा मावशींनाही बोलवा, कारण बाई रजेवर असतात त्या दिवशी वर्ग त्यांच्याकडे असतो.